अकरावं मिनिट

बाईंच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, आणि ते बाईंनी स्वतःच्या हातांनी मागे केलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी, चपला काढून, स्टुलावर चढून.

त्याआधी त्या अगदी नाकासमोर चालणाऱ्या बाई होत्या. नोकरी अल्पवयीन गुन्हेगारांवर देखरेख ठेवण्याची. बाल न्याय मंडळाने ज्या पोराला सुधारगृहात न धाडता घरी सोडलं, त्याने वर्षभर दर गुरुवारी पाचच्या आत येऊन बाईंच्या रजिस्टरात सही करायची. पाच वाजले की बाई शेवटच्या सहीखाली लाल रेघ मारायच्या. रेघेनंतर आला तो गैरहजर. तीन गैरहजेऱ्या झाल्या की कागद मंडळाकडे आणि पोरगं सुधारगृहात. असाच एक मुलगा तिसऱ्या खेपेला चार मिनिटं उशिरा आला, आणि बाईंनी मारलेली रेघ काही पुसली नाही. आत गेला तेव्हा त्याला नुसती कुलपं उघडता येत होती. बाहेर आला तेव्हा चाकू चालवता येत होता. ते कळल्यावर बाईंच्या डोळ्याला चार रात्री डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी त्या स्टुलावर चढल्या.

नियम मोडला म्हणावं, तर रेघ पाचलाच पडत होती. पाचच जरा उशिरा वाजत होते. तेव्हापासून बाईंनी मनगटावर घड्याळ बांधणं सोडलं आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. एका खोलीत दोन वेळा दिसायला नकोत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शिपाईमामांनासुद्धा त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर त्या गुरुवारी भिंगरीची शेवटची सही होती.

भिंगरी हे तिला वस्तीने दिलेलं नाव. सोळा वर्षांची पोरगी, पण एका जागी बसणं तिला ठाऊक नाही. ती लोकांच्या स्कूटरी पळवायची. विकायला नाही, नुसत्या हिंडवायला. पेट्रोल संपलं की असेल तिथे स्टँडवर नीट लावून पायी घरी. किल्लीशिवाय स्कूटर सुरू करायला तिला एका जांभईएवढा वेळ लागायचा. तिसऱ्या स्कूटरखाली एका म्हाताऱ्याचा पाय मोडला आणि भिंगरी बाईंच्या रजिस्टरात आली. आता ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळायची. साडेचारला सुटायची. वाहनाला हात लावायचा नाही ही अट, म्हणून पळत-चालत यायची आणि बाईंच्या घड्याळात पाचला पाच कमी असताना दारात धापा टाकत उभी राहायची. दोन गैरहजेऱ्या आधीच पडल्या होत्या, एक तापाची, एक निव्वळ आळसाची. ज्या मावशीकडे ती राहायची, तिने तर बाईंसमोरच सांगितलं होतं, "मॅडम, वर्ष नीट काढलं तर माझी पोरगी म्हणून ठेवीन. कागद वर गेला तर माझं दार बंद. मलाही दोन मुली आहेत."

आजची सही झाली की सुटली. नाही झाली, तर सगळंच संपलं.

त्यात नेमके आज साहेब येऊन बसलेले. साहेब नवे, बाईंच्या भाच्याच्या वयाचे, कागदाला कागद लावून टाचणारे. बाईंच्या खोलीतली हजेरी सगळ्या कार्यालयांत पहिली होती म्हणून ते कौतुकाचं पत्र लिहिणार होते. बाईंच्या टेबलाशेजारी बसून ते जुनी रजिस्टरं चाळत होते आणि मधूनच म्हणत होते, "कमाल आहे मॅडम, कमाल आहे."

बाईंना ते कौतुक काट्यासारखं टोचत होतं. त्या पेन उघडत होत्या, मिटत होत्या. खिडकीशी जाऊन येत होत्या. इतर पोरं सह्या करून गेली. पाचला पाच कमी झाले. दार रिकामं. पाचला दोन कमी. जिन्यावर पावलं वाजली, पण ती मामांची निघाली.

"कोणी राहिलंय का?" साहेबांनी विचारलं.

"एक मुलगी."

घड्याळात पाच वाजले. म्हणजे खरे पाच वाजून दहा, बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. इतका उशीर या पोरीने कधी केला नव्हता. गेली वाटतं कुठेतरी. शेवटच्या दिवशी, कार्टी! बाईंनी आणखी एक मिनिट काढलं. साहेबांनी घसा खाकरला. बाईंनी लाल पेन उचललं आणि रेघ मारली. साहेबांनी रेघेखाली सही केली आणि ते शेजारच्या खोलीत फोन करायला गेले.

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली आणि भिंगरी दारात आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, कमरेला धुलाईघराचा ओला एप्रन तसाच. तिने आधी बाईंकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. मग रजिस्टराकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, मी तर रोजच्याच वेळेला आलेय."

बाईंनी ड्रॉवर उघडून मोबाइल काढला. पाच वाजून पाच. वर भिंतीवर पाहिलं. पाच वाजून पाच.

"मामा!" बाई ओरडल्या. "घड्याळाला कोणी हात लावला?"

मामा हसतच आत आले. "मीच! दुपारी बंद पडलं होतं. नवा सेल टाकला आणि मोबाइल बघून मिनिटावर लावलं. साहेब येणार म्हटल्यावर घड्याळ चुकीचं कसं चालेल?"

चूक मामांची नव्हती. घड्याळ बरोबर लावणं हा काही गुन्हा नाही.

भिंगरीची टाच उचलली गेली आणि नजर जिन्याकडे वळली. जिन्याखाली कार्यालयाच्या पंधरा-वीस स्कूटरी ओळीने लावलेल्या होत्या. बाईंना ते दिसलं. एक जांभई, आणि ही पोरगी पुन्हा कधी दिसणार नाही.

गप्प बसलं तर? हा विचार बाईंच्या मनात आला, खोटं कशाला बोला. रेघ नियमाप्रमाणे पडली होती. साहेबांची सही होती. कौतुकाचं पत्र येणार होतं, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि तोंड उघडलं तर सहा वर्षांची सगळी हजेरीच खोटी ठरणार. त्या विचाराची बाईंना स्वतःचीच किळस आली.

"भिंगरी, खाली बस."

"बसून काय करू?"

"बस म्हटलं ना! मामा, दारात उभे राहा."

बाई शेजारच्या खोलीत गेल्या. साहेबांचा फोन चालू होता. बाईंनी फोन संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. "साहेब, त्या खोलीतलं घड्याळ सहा वर्षं दहा मिनिटं मागे होतं. मी ठेवलं होतं. आज ते मला न कळता बरोबर झालं, आणि त्या पोरीचं वर्ष बुडतंय."

साहेबांनी फोन ठेवला. मग उठून बाईंच्या खोलीत आले. भिंगरी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, दोन्ही पाय हलत होते.

"म्हणजे मी ज्याचं कौतुक करत होतो ते सगळं..." साहेबांचे कान लाल झाले होते. "मॅडम, ही फसवणूक आहे."

"आहे," बाई म्हणाल्या.

"साहेब," भिंगरी मध्येच बोलली, "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नवा आला की जुना त्याला सांगतो, इथे दहा मिनिटं मिळतात म्हणून. पण अकरावं मिनिट कोणी मागितलं नाही. विचारा कोणालाही."

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मूठ झाकली होती ती फक्त बाईंच्या लेखी.

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं, लाल रेघेकडे पाहिलं, मग कपाळ चोळलं. ते कागदाचे गुलाम होते, आणि कागदाच्या गुलामाला कागदातूनच वाट सापडते. "हजेरीची वेळ बदलायची तर सात दिवस आधी फलकावर सूचना लावावी लागते. लावली होती?"

"नाही."

"मग आज जुनीच वेळ धरावी लागेल. आत्ता किती झाले?"

"पाच नऊ," मामा दारातून ओरडले.

"म्हणजे तुमच्या पाचाला अजून एक मिनिट आहे. कर गं सही. मॅडम, रेघ चुकून आधी पडली असं शेजारी लिहा. आणि उद्या तुम्हाला नोटीस मिळेल. सहा वर्षांची चौकशी होईल, मी कोणाला सोडणार नाही."

भिंगरीने सही केली. घाई इतकी, की कागद फाटला.

नोटीस दुसऱ्या दिवशी खरंच आली. बाईंनी ती ड्रॉवरमध्ये ठेवली, पण आठवडाभर जिवाला स्वस्थता नव्हती. नोटिशीपेक्षा पुढच्या गुरुवारचा घोर जास्त होता. सात पोरं सह्यांना यायची होती. गेल्या खेपेला ती लवकर आली होती, पण एरवी सातही जण त्या दहा मिनिटांवर विसंबलेले. फलकावर सूचना लावली होती. पण फलक वाचणारी पोरं असती तर ती बाईंकडे आलीच कशाला असती?

गुरुवारी पावणेपाचला खोलीत चिटपाखरू नव्हतं. बाई उठत होत्या, बसत होत्या. पाचला दहा कमी असताना जिना एकदम धडधडला. एक आला, त्याच्यामागे दोघं, मग बाकीचे. सगळ्यांना धाप लागलेली.

"अरे, आज एवढ्या लवकर?"

"भिंगरी कामावरून लवकर सुटून कोपऱ्यावर उभी आहे ना," शेवटचा सही करता करता म्हणाला. "प्रत्येकाला हाकलतेय. म्हणते, आता वर फुकटचं काही मिळत नाही, पळा!"

बाई खिडकीशी गेल्या. खाली कोपऱ्यावर एप्रन घातलेली भिंगरी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना स्कूटरी होत्या आणि तिने हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. आता इथे यायची तिला काही गरज नव्हती.

पाच वाजले. खरे पाच. बाईंनी लाल रेघ मारली. रेघेखाली यायला कोणी उरलं नव्हतं.