अर्ध्यावर वाजलेली घंटी

मित्रांनो, तुमच्या शाळेची घंटा वाजली की तुम्ही दप्तर उचलून धूम ठोकता. मी वाजले की मात्र मोठी मोठी माणसं तोंडातला शब्द तोंडातच ठेवून गप्प होतात. मी एक जुनी पितळी घंटी आहे, टेबलावर ठेवायची, डोक्यावरचं बटण दाबलं की टिंग करणारी. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची एक परिषद आहे. तिच्या समित्या ज्या खोलीत बसतात, तिथल्या लांब टेबलावर अध्यक्षांच्या उजव्या हाताशी माझी जागा असते.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या छोट्याशा कारखान्यात झाला. साच्यातून काढल्यावर त्यानं मला कानशीनं घासलं, चकाकी येईपर्यंत पुसलं आणि कानाशी धरून वाजवून पाहिलं. मग शेजारी खोकी भरत बसलेल्या बायकोला तो म्हणाला, "हिचा आवाज ऐक गं. जिथं जाईल तिथं ऐकतील हिचं." माझी एक बहीण दातांच्या डॉक्टरांकडे गेली, एक चपलांच्या दुकानात. मी परिषदेत आले. आमच्या घराण्यात शिकल्यासवरल्या माणसांत वावरणारी मी एकटीच, असा तोरा मी बरीच वर्षं मिरवला.

मला वाटलं होतं, विद्वान म्हणजे दिवसभर भिंगातून पानं न्याहाळत बसणारी माणसं. पण पानं न्याहाळायची तर कुणीतरी भिंगं आणावी लागतात, खोली झाडून घ्यावी लागते, लिहिलेलं छापावं लागतं. ती सगळी उस्तवार समित्या करतात. प्रकाशन समिती आलेले लेख वाचते आणि लेखकाचं मन न दुखवता ते परत कसे पाठवायचे यावर डोकं खाजवते. ग्रंथालय समिती पुस्तकं सांभाळते, इमारत समिती नळ आणि छप्पर. सगळ्यांच्या वर कार्यकारी समिती. तिच्यात अध्यक्ष, कार्यवाह आणि बाकीच्या समित्यांचे प्रमुख असतात. कोणती समिती ठेवायची आणि कोणती मोडायची हे ठरवायलाही मध्यंतरी एक समिती नेमली होती. तिचं पुढे काय झालं ते कुणालाच आठवत नाही. हसू नका. ही माणसं दिवसभराचं आपापलं काम उरकून येतात, पदरचा वेळ घालतात, आणि त्यांच्यामुळेच परिषदेचं दार रोज उघडतं.

आता माझं काम सांगते. पूर्वी एकेका विषयाचं इतकं दळण दळलं जायचं की माणसं पेंगायला लागायची. म्हणून नियम झाला. चर्चा पुरे झाली असं अध्यक्षांना वाटलं की त्यांनी मला वाजवायचं. मी वाजले की बोलणं बंद, लगेच हात वर करून मतदान, आणि तो विषय वार्षिक सभेपर्यंत पुन्हा कुणी काढायचा नाही. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "काय शिस्त आहे हो तुमच्याकडे." कार्यवाह रुमालानं माझ्यावरचे बोटांचे ठसे पुसायचे. मला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

हा नियम ज्यांनी लिहिला त्यांतले एक होते नेचेकाका. नेचे म्हणजे ओलाव्यात, कड्याकपारीला उगवणारी ती नाजूक, कातरलेल्या पानांची झाडं. काकांनी जन्मभर त्यांचाच अभ्यास केला, म्हणून हे नाव पडलं. ते संग्रह समितीचे प्रमुख होते. रानातून आणलेल्या वनस्पती वाळवून, जाड कागदावर चिकटवून, कपाटांत जपून ठेवायच्या हे त्या समितीचं काम. समितीत नावं पुष्कळ होती, पण संग्रहाच्या खोलीत दर शनिवारी, आणि पानं वाळत घातली असली की रोज, दिसायचे ते फक्त काका.

काकांची बोलण्याची एक तऱ्हा होती. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. चांगलं लांबलचक थांबायचे. नवख्या माणसाला वाटायचं, झालं यांचं. आमच्या अध्यक्षबाई कॉलेजात काकांच्या विद्यार्थिनी होत्या. एकदा सभेआधी त्या हसत हसत कार्यवाहांना म्हणाल्या, "सरांचं पहिलं वाक्य नुसतं दार उघडण्यापुरतं असतं. ते थांबले की आम्ही पेन्सिलीला टोक करून घ्यायचो. खरं काय ते त्याच्या पुढे यायचं." म्हणजे अध्यक्षबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. आणि त्या बोलल्या तेव्हा मी समोरच होते, म्हणजे मलाही.

मग तो दिवस आला. कार्यकारी समितीपुढे ठराव होता की संग्रह समिती बरखास्त करावी, कपाटं ग्रंथालयात हलवावीत आणि त्या खोलीत तरुण अभ्यासकांना बसायला जागा द्यावी. ठराव अध्यक्षबाईंच्या मनातला होता आणि तो वाईट नव्हता. पोरं बिचारी जिन्यात बसून वाचायची. पण काकांना सगळे मानत. ते काही बोलले तर मतं फिरतील, ही धाकधूक बाईंना सकाळपासून होती.

काका उठले. म्हणाले, "संग्रह समितीनं आजवर जमेल तेवढं काम केलं." आणि नेहमीसारखे थांबले.

बाईंचं बोट माझ्या डोक्यावर आलं. ते गार पडलं होतं. ते क्षणभर अडलं, मागे सरलं, पुन्हा आलं. मला वाटलं आता ते उचललं जाईल. ते दाबलं गेलं. मी वाजले, आणि कधी नव्हे इतकी खणखणीत वाजले.

काकांनी बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा चष्मा उचलून त्याच्या डबीत घातला आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला. काकांनी हात वर केला नाही आणि विरोधही नोंदवला नाही. कार्यवाह पुढचा विषय वाचायला लागले, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या माझ्यावरून बोट काढायचंच विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई खोलीत एकट्याच होत्या. काका आले आणि संग्रहाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून वळले.

"सर, थांबा ना," बाई म्हणाल्या. "काल तुम्ही पुढे काय बोलणार होतात?"

"घंटी झाली, अध्यक्ष. आता वार्षिक सभेला."

"आत्ता काय सभा आहे का सर? आपण दोघंच तर आहोत."

"तुम्ही अध्यक्ष, मी सभासद, आणि विषय कालचाच. मग सभाच की ही." काका अगदी शांतपणे बोलले. आजवर ते बाईंना तू म्हणत आले होते. ते 'तुम्ही' बाईंना असं लागलं की त्यांना पुढे काही विचारताच आलं नाही. काका जिना उतरून गेले, आणि त्यानंतरच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

खोली रिकामी झाली. कपाटं ग्रंथालयात गेली, तरुण अभ्यासकांसाठी टेबलं आली. पोरं येऊन बाईंचे आभार मानून गेली, तेव्हा बाई नुसत्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांचं मन त्यांना खात होतं. सभेत कुणी बोलताना जरा थांबलं की त्या दचकून म्हणायच्या, "बोला बोला, झालं नसेल तर बोला." त्यामुळे सभा लांबायला लागल्या आणि लोक वैतागले. शेवटी घंटी कधी वाजवावी याचा विचार करायला एक उपसमिती नेमली गेली. ती दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा चर्चा आवरत नाही म्हणून मलाच वाजावं लागलं. एरवी मला हसू आलं असतं. पण माझाही तोरा केव्हाच उतरला होता. माझ्यावरचे ठसे पुसताना कार्यवाह म्हणायचे, "हिची चकाकी कमी झालीय का हो?" मला वाटायचं, पुसूच नका.

वार्षिक सभा मोठ्या सभागृहात होती. मलाही तिथं नेऊन ठेवलं. काका आले आणि मागच्या रांगेत बसले. संग्रहाचा विषय आला तेव्हा बाई म्हणाल्या, "या विषयावर सरांचं बोलणं राहिलं होतं. सर, सावकाश बोला." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काका पुढे येऊन उभे राहिले. "पहिलं वाक्य मी तेव्हाच बोललो होतो," ते म्हणाले, आणि थांबले. कुणी हललं नाही. "दुसरं असं होतं, की समिती बरखास्त करायला माझा पाठिंबा आहे. पोरांना जागा हवीच."

सभागृहात कुजबुज झाली. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ज्या बोलण्याला भिऊन त्यांनी मला वाजवलं, ते त्यांच्याच बाजूचं होतं.

काका पुन्हा थांबले, आणि या वेळी सगळे थांबले. "तिसरं वाक्य एवढंच होतं, की शेवटचे नेचे अजून ओले आहेत. ते सुकेपर्यंत कुणीतरी रोज त्यांचे कागद बदलावेत."

"कुठले नेचे, सर?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"खाणीसाठी तो कडा फोडला ना, त्याच्या आधी मी आणले होते. त्यातला एक मी कधी पाहिलेला नव्हता. सुकल्यावर भिंगाखाली नीट बघू आणि मग त्याला नाव देऊ, असं ठरवलं होतं."

नेचे वाळवायचे तर ते टीपकागदांच्या थरांत ठेवून, वरखाली फळ्या लावून, पट्ट्यानं करकचून आवळतात. कागद ओल शोषून घेतात. ते रोज बदलावे लागतात, नाहीतर पानं सडतात. त्या फळ्या कुठे आहेत? ग्रंथालय समितीच्या प्रमुखांना वाटत होतं की त्या इमारत समितीकडे आहेत. इमारत समितीचे प्रमुख म्हणाले, "आम्ही तर संग्रहाचं सगळं सामान ग्रंथालयाला दिलं." दोघंही खरंच बोलत होते. शेवटी कार्यवाह स्वतः गेले आणि जिन्याखालच्या अडगळीतून फळ्यांचं ते बोचकं उचलून घेऊन आले. माझ्याच शेजारी टेबलावर ते ठेवलं. काकांनी पट्टा सोडला.

आधी कुबट वास आला. कागद एकमेकांना चिकटले होते. काका ते हलक्या हातानं सोडवत गेले. आत पानं नव्हतीच. काळी बुरशी होती आणि हात लावला की भुगा होत होता. काका शेवटच्या कागदापर्यंत गेले. तिथंही तेच होतं.

बाई उभ्या राहिल्या. "मला सभेला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "सरांचं बोलणं त्या दिवशी संपलेलं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. ते असेच थांबतात, मी त्यांच्या हाताखाली शिकले आहे. ते बोलले तर ठराव पडेल अशी मला भीती वाटली, म्हणून मी घंटी वाजवली. कार्यवाह, हे इतिवृत्तात लिहून घ्या."

"बाई, लिहायलाच हवं का?" कार्यवाहांनी हळूच विचारलं.

"लिहा."

काका कागदांकडे बघत होते. "मग माझंही लिहा," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला आपणहून विचारलं होतं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पानं वाचली असती. मी नियमाकडे बोट दाखवलं. नियम कसला, राग होता तो. घरी बसून रोज वाटायचं, जावं आणि कागद बदलून यावं. नाही गेलो." ते थांबले. मग म्हणाले, "नेच्यांना काय माहीत असणार तुमची घंटी आणि माझा राग."

विषय पुढे न्यायचा तर मला वाजवायला हवं होतं, पण बाईंचा हात काही पुढे येईना. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. तेव्हा काकाच एक पाऊल पुढे आले. नियम लिहिणाऱ्या त्या माणसानं मला कधी हात लावला नव्हता. बुरशीनं काळं झालेलं बोट त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "पोरी, माझं बोलणं आता संपलं. घे पुढचा विषय." आणि त्यांनी मला दाबलं.

मित्रांनो, नियमानं तो विषय तिथं बंद झाला. काका पुन्हा शनिवारी येतात. बाई अजून अध्यक्ष आहेत, आणि त्या बोटाचा डाग त्या कार्यवाहांना पुसू देत नाहीत. तुमच्यापैकी कुणी उद्या वर्गप्रमुख होईल, कुणी एखाद्या समितीचा अध्यक्ष होईल. माझ्यासारखी एखादी घंटी तुमच्याही हाताशी येईल आणि तुम्हाला घाई असेल. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला तर त्याला एवढंच विचारा, "झालं का तुमचं?" तुमची सभा लांबली तर लांबू द्या. लोक वैतागले तर वैतागू द्या. मला गप्प बसवून ठेवलंत म्हणून मी कधी रागावणार नाही. त्या कड्यावरचा नेचा आता कुठेच उगवत नाही, आणि आम्ही त्याला नावसुद्धा देऊ शकलो नाही.