कडुनिंबाची डहाळी

बहात्तर सालच्या त्या मंगळवारी पारनेरजवळच्या माळावर रंगनाथबाबाच्या मठापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसानं तोंड उघडायच्या आत बाबा डोळे मिटून त्याचं गाऱ्हाणं सांगतो, अशी ख्याती!

गर्दीत बन्सी बायको मालनचं मनगट धरून उभा होता. त्याच्या विहिरीचं पाणी अचानक कडू झालं होतं. गेल्या मंगळवारी बाबा न विचारताच गरजला होता, "घरातली बाई करणी करती!" बन्सीनं मालनचे हात धरले आणि बाबानं आसुडाचे फटके ओढले. तिची पाठ सोलून निघाली, पाणी मात्र कडूच राहिलं. दुसऱ्या मंगळवारी तापल्या विळ्याचा डाग, असा बाबाचा नेम. विळा निखाऱ्यात लाल होत होता.

"धनी, म्या काय केलंय वो?" मालन पुन्हा म्हणाली. बन्सीनं मान फिरवली.

दारात दगडाबाई बसलेली. "कशापायी आलास रं लेकरा?" असं मायेनं विचारायची आणि बाबाच्या पायांशी वाहायला प्रत्येकाला एक फूल द्यायची. बन्सीला तिनं याही वेळी कडुनिंबाची डहाळी दिली.

मागं शाळेतल्या दमयंतीबाई उभ्या होत्या. डोकं दुखतं असं सांगून त्यांनी झेंडू मिळवला होता. मालनची पाठ पाहिल्यापासून त्या संतापानं धुमसत होत्या.

"बन्सीभाऊ, डहाळीऐवजी हा झेंडू वाहा. बाबा खरा असेल तर फुलानं काय बिघडतंय?"

बन्सी चिडला. पण निखाऱ्यातल्या लाल विळ्याकडं त्याची नजर गेली. त्यानं झेंडू घेतला.

दर मंगळवारी शेकड्यानं तोंडं बघणाऱ्या बाबाला हे तोंड आठवलं नाही. पापण्यांच्या फटीतून त्यानं फूल मात्र नीट पाहिलं आणि अंगात आणलं. "हूंऽऽ! दुखणं हाय दुखणं! तीन चिमटी अंगारा, सात दिस! फुडचा!"

"दुखणं?" बन्सी ओरडला. "म्या ठणठणीत हाय! माझी हीर कडू झालीया. आन गेल्या मंगळवारची करणी कुटं गेली?"

दमयंतीबाई पुढं आल्या. "सकाळपासून दारात बघतेय मी. दुखण्याला झेंडू, चोरीला कण्हेर, लग्नाला तुळस, मूल नसलं तर रुई. दगडाबाई विचारून फूल देते, हा फूल बघून ठरलेलं उत्तर ओकतो. ज्याचं गाऱ्हाणं या चारांत बसत नाही, त्याला कडुनिंब. म्हणजे बाबाला उत्तर येत नाही. मग धरा घरातली बाई आणि सोला!"

गर्दी उसळली. काठ्या पडल्या, बाबाचं डोकं फुटलं, तो रक्ताळलेला पळत सुटला. तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "ही थेरडीच खरी डाकीण!"

बन्सीनं निखाऱ्यातला विळा उचलला आणि दगडाबाईच्या झिंज्या धरल्या. कातडी जळणार, तोच मालननं त्याचा हात गच्च पकडला.

"धनी, माझ्या पाठीवर भागलं न्हाई का?"

"अरे, तिनं फसवलंय, तिला फौजदाराकडे नेऊ," बाई कडाडल्या. "पण डाकीण कसली? बाबा गेला आणि त्याचा कडुनिंब तुम्ही हातात घेतला!"

"मंग हीर कडू का झाली?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पाणी तपासून घेऊ. तोवर ठाऊक नाही म्हणा. डोकं वापरायला तिथूनच सुरुवात होते, आणि त्यानं कुणाची पाठ सोलली जात नाही."

बन्सीनं विळा टाकला. मालनच्या पाठीवर लुगडं वाळल्या रक्तानं चिकटलं होतं. आज पहिल्यांदाच त्यानं तिकडं नीट पाहिलं.

"मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला आणि हमसून रडू लागला.