मंगळवारचं घड्याळ

आई शनिवारी गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताईने पुढच्या रविवारचा कार्यक्रम कागदावर आखलासुद्धा. ताई शाळेत मुख्याध्यापिका होती. दुःखालाही वेळापत्रक लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चार ते सहा आठवणी, मध्ये चहा. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, आणि आईच्या फोटोशेजारी तिचं गजराचं घड्याळ ठेवायचं.

"चालू हं," ताईने धाकट्या भावाला बजावलं. "टिकटिक ऐकू आली पाहिजे. घरात घड्याळ दुरुस्त करणारा बसलाय आणि आईचंच घड्याळ बंद? लोक तोंडात शेण घालतील."

धाकटा "आणतो" म्हणाला, आणि सहा दिवस त्याने त्या घड्याळाला हात लावला नाही.

त्याला कारण होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्याने दुकान थाटलं ते जिना आणि औषधांचं दुकान यांच्यामधल्या फटीत. आत दोन माणसं शिरली तर एकाने श्वास रोखून धरायचा, अशी ऐसपैस जागा. बाहेर पाटी मात्र दणदणीत होती: कोणतंही घड्याळ दुरुस्त करून मिळेल. सुरुवातीला तो माशा मारत बसे. मग एका मंगळवारी आई आली आणि पिशवीतून गजराचं घड्याळ काढून म्हणाली, "बंद पडलं रे हे."

त्याने झाकण उघडलं, तर आतल्या बारीक चाकात हिरव्या लोकरीचा धागा. मागच्या भोकातून विणायच्या सुईने आत ढकललेला. ती सुई आईच्या पिशवीतून डोकावत होती आणि सुईवरचा अर्धा स्वेटर हिरवाच होता. चोराने मुद्देमालासकट चौकीत येऊन पाणी मागावं, तसला प्रकार.

आई म्हणजे खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागणारी बाई. मांजराने दूध चाटून संपवलं तर, "फार गरम नव्हतं ना गं?" म्हणून त्या चोरटीची चौकशी करणारी. असल्या बाईने जन्मात एक गुन्हा करावा आणि तोही इतका अजागळपणे, हे बघून त्याने झाकण हळूच परत लावलं.

"किती वेळ लागेल?" आईने विचारलं.

"नाजूक मशीन आहे, आई. तासभर बसावं लागेल."

वाक्य पुरं व्हायच्या आत आई स्टुलावर बसून विणायला लागलीसुद्धा.

त्यानंतर दर मंगळवारी घड्याळ बंद पडू लागलं. लोकरीचे रंग तेवढे बदलत. आत निळा धागा निघाला की त्याने ओळखावं, भावजींचा स्वेटर चालू आहे. गुलाबी निघाला की भाची मोठी झाली. तो चिमट्याने धागा काढून डबीत टाकी, आणि उरलेला तास डोळ्याला भिंग लावून नुसतं खाटखूट करी. आई विणता विणता शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगे. त्याची समजूत अशी, की वडील गेल्यापासून आईला घर खायला उठतं, पण बोलून दाखवायला ती लाजते. आपण किती समजूतदारपणे तिला सोबत देतो, या विचाराने तो मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेई.

आणि शेवटच्या मंगळवारी नेमकी दुकानात झुंबड उडाली. पाच गिऱ्हाइकं, त्यातलं एक आत आणि चार जिन्यावर. आई त्यांच्या मागून घड्याळ पुढे करत होती.

"ठेवून जा, आई. पुढच्या मंगळवारी बघतो," तो म्हणाला. मानसुद्धा वर केली नाही त्याने.

"बरं बरं," म्हणून आई गेली. शनिवारी दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

घड्याळ फळीवर तसंच होतं. आत धागा असेल, तर आई त्याच्याजवळ बसायला आली होती आणि त्याने तिला दारातून परतवलं होतं. धागा नसेल, तर घड्याळ खरंच बिघडलं होतं आणि तो सुटला. आईच्या घड्याळाची स्प्रिंग तुटलेली असू दे, असं मागणं तो सहा दिवस मागत होता. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने मागायची ही गोष्ट नव्हे.

रविवारी चारला आईची खोली माणसांनी भरली. पहिल्यांदा बोलायला उठल्या शेजारच्या शिंपीणकाकू.

"तशी फार गुणाची बाई," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू का? ती चहाला येऊन गेली, की आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडायचं."

"तुमचंही?" निवृत्त मास्तर ताडकन उठले. "मी बायकोला वर्षभर बोललो, तू चावी द्यायला विसरतेस म्हणून!"

"आमची दोन बंद पडली होती," बेकरीवाला म्हणाला. "आणि वर त्याच सांगायच्या, माझ्या धाकट्याकडे न्या, हाताला गुण आहे त्याच्या."

"दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट," काकूंनी खुलासा केला.

खोलीत हसण्याची एकच लाट उठली. धाकट्याचे कान लाल झाले. त्या घड्याळांत कधी धागा निघाला नव्हता, नुसतं एखादं चाक सरकलेलं असे. आपल्या कर्तबगारीचं पहिलं वर्ष आईच्या सुईवर उभं होतं, हे त्याला आज कळत होतं, आणि तेही अख्ख्या आळीसमोर.

ताईने डोळे पुसले आणि मनगटाकडे पाहिलं. "चार चाळीस. घड्याळ कुठंय रे?"

त्याने पिशवीतून ते काढलं. सगळे बघत होते, पळायला वाट नव्हती. त्याने झाकण उघडलं.

पिवळा धागा होता. चांगला वीतभर.

"मी तिला हाकललं," तो एकदम बोलून गेला. मग सगळंच सांगितलं: बावीस वर्षांचे मंगळवार, धाग्यांची डबी, नाजूक मशीन, शेवटची गर्दी. "ती बसायला आली होती, आणि मी मानसुद्धा वर केली नाही." तो लहान मुलासारखा रडायला लागला.

शिंपीणकाकूंनी कपाळावर हात मारला. "अरे वेड्या! ती तिथून सरळ माझ्याकडे आली. नाचायचीच बाकी राहिली होती. म्हणाली, 'आज मला हाकललं! पाच जण रांगेत, पोराला मान वर करायला फुरसत नाही!' मंगळवारी समोरचा बाजार बंद असतो, दुकानात काळं कुत्रं फिरकत नाही, तू एकटा बसतोस, म्हणून ती यायची. 'बावीस वर्षांची ड्यूटी संपली,' म्हणाली. दोन कप चहा प्यायली."

"आणि धागा?"

"तो तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, हे तिला माहीत होतं. 'नाजूक मशीन म्हणताना चोरून साखर खाल्ल्यासारखं तोंड करतो,' म्हणायची."

धाकट्याला एकदम शंका आली. "मास्तर, त्या पाचांत तुम्ही होतात."

"माझं आपोआप बंद पडलं होतं, देवाशपथ!" मास्तर म्हणाले. "आत काय निघालं ते तूच सांग."

त्याने आठवून पाहिलं. "गंज," तो म्हणाला. मग ओल्या डोळ्यांनी हसत पुन्हा म्हणाला, "गंज निघाला होता, मास्तर. निव्वळ गंज."

"चला," ताई नाक ओढत म्हणाली, "काढ तो धागा आणि चालू कर."

त्याने खिशातून चिमटा काढला. थोडा वेळ धरून ठेवला आणि परत खिशात टाकला. धाग्यासकट झाकण लावून त्याने घड्याळ फोटोशेजारी ठेवलं.

"अरे, चालू करायचं ठरलं होतं ना?"

"नाजूक मशीन आहे, ताई," तो म्हणाला. "तासभर बसावं लागेल." आणि स्टूल ओढून फोटोजवळ बसला.

ताईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग कागदावरचं 'सहा' खोडलं आणि स्वतःसाठी खुर्ची ओढली.