नसलेलं बोट

"सेन्सर सापडला," स्क्रीनवर उमटलं. खाली रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडाही आला, सत्त्याण्णव. श्यामकांतने पुन्हा ड्रॉवर उघडून पाहिलं. बोटाला लावायची क्लिप वायर गुंडाळून आतच पडली होती. यंत्राला काहीच जोडलेलं नव्हतं.

भनपुरीच्या त्या कारखान्यात रुग्णाच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनत. मॉनिटर सुरू झाला की आतला कर्नल, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, आपल्याला काय काय जोडलंय ते आधी चाचपतो. ते चाचपणं बरोबर आहे का, हे तपासून रिपोर्ट लिहायचं काम श्यामकांतचं. दुपारपासून त्याने मॉनिटर दहादा बंद-चालू केला होता. सात वेळा यंत्राला नसलेला सेन्सर सापडला होता.

मालकाचा मुलगा निरंजन मागे येऊन उभा राहिला. "काका, सोमवारी माल जाऊन राहिला. रिपोर्ट काहून अडला?"

"याचा काही भरवसा नाही, भैया. कधी दिसते, कधी नाही."

"नाही दिसला तर स्किप लिहा ना. अन् स्किप म्हणजे पासच. नियम तुमचाच आहे."

होता खरा. हार्डवेअर सापडलं नाही तर चाचणी सोडून द्यायची आणि पुढे हिरवी खूण करायची. तक्ता हिरवागार दिसला की सगळे खूश. श्यामकांतही त्यावर पाच वर्षं निवांत होता.

मग गेल्या वर्षी त्याची बायको कुसुम गेली. त्या सकाळी तिच्या उशाशी असाच मॉनिटर होता आणि आकडा सत्त्याण्णव होता. तो आकडा बघत श्यामकांत डब्यातले पोहे खात बसला. नर्स आली तेव्हा क्लिप गादीवर पडलेली होती, आणि कुसुमचा हात गार. मॉनिटर कुठल्या कारखान्याचा, हे वाकून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"बोट द्या, भैया." त्याने क्लिप जोडली, निरंजनच्या बोटाला लावली आणि मॉनिटर सुरू केला.

"सेन्सर सापडला नाही."

निरंजन हसला. "हव, म्हणजे मी भूत का?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा निरंजनचं हसू मावळलं. दुसऱ्या हाताने त्याने नकळत स्वतःचं मनगट धरलं आणि नाडी शोधू लागला.

"काढा हे, काका."

श्यामकांतने क्लिप बोटावरून आणि यंत्रातूनही काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग रिपोर्टमध्ये पास लिहिलं नाही, फेलही लिहिलं नाही. लिहिलं, "अनिश्चित. सेन्सर आहे की नाही, हे यंत्राला ओळखता येत नाही. आकड्यावर विसंबू नये. स्किपला पास धरण्याचा जुना नियम चुकीचा होता, तो माझा होता." खाली पूर्ण नाव घातलं.

"पाठवू?"

निरंजनची बोटं अजून मनगटावरच होती. "पाठवा. माल थांबवतो मी."

पुराव्यासाठी श्यामकांतने मॉनिटर शेवटचा एकदा सुरू केला. सेन्सर सापडला. सत्त्याण्णव. या वेळी त्याने आकड्याकडे पाहिलं नाही. तो निरंजनच्या चेहऱ्याकडे पाहत होता.