आजाराची वाटणी

माझा धाकटा भाऊ नौफल नऊ वर्षं आजारी होता. त्याची शाळेतली मास्तरकी त्यातच गेली. आणि आमच्या आईने त्याच्या आजाराची चक्क वाटणी करून ठेवली होती. रडणं, न जेवणं, अंथरूण न सोडणं हे डॉक्टरांकडे. कानात बोलणारे आवाज मात्र दर शुक्रवारी झाडफूक करणाऱ्या फकीहकडे. तो केशराच्या शाईने कागदावर कुराणातल्या आयती लिहून, ती शाई पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचा. "हे आवाज जिनांचे, भुतांचे. तो विषय दवाखान्यात काढायचा नाही," आई बजावायची. "डॉक्टर हसतील, आणि गावभर होईल ते वेगळंच." मोरोक्कोत, आमच्या मेकनेसमध्ये अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

यंदा दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रक्त तपासलं, नशापाण्याचं विचारलं, जुने कागद चाळले. मग नौफलला म्हणाल्या, "मन ठीक होतं, जेवणखाण नीट होतं, अशा दिवसांत कधी आवाज ऐकलेस?"

तो आईकडे बघत राहिला. पस्तिशीचा बाप्या, परवानगी मागत होता.

"छे हो, आवाज कसले!" आई म्हणाली. "जरा उदास असतो, एवढंच."

"लल्ला तामू," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "मी त्याला विचारलंय."

माझं डोकं फिरलं. "ऐकतो," मी म्हणाले. "गेल्या ईदला चांगला हसतखेळत होता, तेव्हाही महिनाभर ऐकत होता. फकीहला सगळं ठाऊक आहे."

"इट्टो, तोंड आवर!" आई माझ्यावर खेकसली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. उदासी नसतानाही आवाज दोन आठवड्यांहून जास्त टिकले, म्हणजे हे नुसतं नैराश्य नव्हे, त्या म्हणाल्या. मन खचणं आणि भास होणं, दोन्ही मिळून हा एक आजार. स्किझोअफेक्टिव्ह म्हणतात त्याला. नऊ वर्षं नौफलला निम्म्याच आजाराचं औषध मिळत होतं.

"आता बरा होईल ना? पुन्हा शाळेत शिकवेल?" मी विचारलं.

"आवाज कमी होतील, आशा आहे. पण फार वर्षं वाया गेली. शिकवण्याचं वचन मी देणार नाही."

मला आईचा भयंकर राग आला. गळा धरावा असं वाटलं.

"दर वेळी या दारापाशी मी विचारायचो, ताई, 'आवाजांचं सांगू का?'" नौफल माझ्याकडे बघत म्हणाला. "तू म्हणायचीस, आईला विचार."