तार सुटलेय, भावजी

आमच्या वाडीची पवनचक्की तुमी फोटोत बघितली असंल. नाते गावाच्या वर पठारावर हाय, इंग्रज साहेबाच्या काळातली. वाऱ्यावर विहिरीचं पाणी वर चढवते. किती वर्षं नुसती गंजत उभी होती, आमी शेळ्या बांधायचो तिला. मग मुंबईच्या एका सेवाभावी मंडळातली पोरं आली, वाडीनं श्रमदान केलं नि चाक फिरलं. तेव्हापासून सगळं तिच्याच खाली. भजन तिथं, हळदीकुंकू तिथं, रविवारच्या श्रमदानाचा चहा तिथं. तो चहा मी करायची, हे आता कोण कबूल करायचं नाय.

गावकीचा नियम असा, की रविवारी घरटी एक माणूस पाहिजे. नवरा गेल्यापासून माझ्या घरातून मीच जायची, कारण माझा पोरगा रितेश रिक्षा चालवतो. एका रविवारी माझी अंकिता महाडला बाळंतपणात अडली. लेकीजवळ बसू का चक्की पुसू? नाय गेले. गावकीचे म्होरके आबाजी म्हणाले, देवीसमोर नाक घास नि माफी माग. मी म्हटलं, चूकच नाय तर माफी कसली? झालं! टाकलं मला वाळीत. मंजुळाशी बोलायचं नाय, तिच्या हाकेला ओ द्यायची नाय. देवीच्या नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली. माझ्या दिरानं, दत्तारामभावजींनीसुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचे ते, डबा मी भरून द्यायची. लय जिव्हारी लागलं.

पुढं एका रविवारी चक्कीला ग्रीस घालायची पाळी भावजींची होती. आधी खालून तार ओढून आकड्याला अडकवतात, म्हणजे चाक फिरत नाय, मगच वर चढतात. मी बांधावर शेळ्या घेऊन उभी. बघते तर तार आकड्यातनं निसटलेली! वारा पडला होता म्हणून चाक गप होतं, एवढंच. भावजी अर्ध्या शिडीवर.

“भावजी, उतरा! तार सुटलेय!”

त्यांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं, चांगलं बघितलं. नि परत वर चढायला लागले.

मी बोंबलत धावले. मंडळाची श्रुतिका खाली उभी होती, ती म्हणाली, “त्या काकू काहीतरी सांगतायत हो.”

“तिकडं लक्ष देऊ नका,” आबाजी म्हणाले. “आमच्या गावचा मामला हाय.”

माझा हात तारेला लागायच्या आत वारा उठला. चाक गरकन फिरलं, वर पोचलेल्या भावजींना पात्याचा तडाखा बसला नि ते खाली दगडांवर आले.

रितेश वीर स्टेशनला निघालेला, रिक्षा दारातच होती. त्यानं ती चक्कीपर्यंत आणली, तर एक माणूस पुढं येईना! सगळे आबाजींच्या तोंडाकडं बघत. शेवटी माझी जाऊ धोंडूबाई किंचाळली, “मेल्यांनो, माझं कुकू चाललंय नि तुमी नियम बघताय? धर गो मंजुळा, पाय धर!” आमी तिघांनीच त्यांना उचललं.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे, माझ्याच तोंडाकडं. मी उतारभर बोलत होते. “भावजी, शिव्या द्या मला, पण एक शब्द बोला. इथं गावकी नाय, कोण ऐकत नाय.” ओठ हलले नायत. महाड यायच्या आत डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मारच असा होता की बोलणं शक्य नव्हतं. धोंडूबाई पण तेच सांगते. आता ती कोणाला भीत नाय, उघड माझ्या घरी येते, माझ्या पाठीवरनं हात फिरवते नि सांगते, “त्यांना बोलता येत नव्हतं गो.”

मी हो म्हणते. पण शिडीवर तर त्यांना बोलता येत होतं.