कानसेनांचा पहिला अभिप्राय

दोन माणसांनी धापा टाकत तो जिन्यावरून वर आणला, तेव्हा काकूंना वाटलं, नवऱ्याने तिजोरी घेतली की काय. काळा, जाड पत्र्याचा आणि पुढे एकच बटण. जुन्या रिसीव्हरला पाच स्पीकर झेपत नाहीत, त्याचं ओझं उचलायला हा पॉवर ॲम्प्लिफायर, असं काकांनी समजावलं. एवढा मोठा देह आणि बटण एकच, बरं आहे, तुमच्या हाताला चाळा नको, असं काकू म्हणाल्या.

पण चाळा लागलाच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काका एकच सिनेमा लावून ऐकत बसले आणि त्यांचं तोंड उतरत चाललं. आवाज भरदार आहे, खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण वरचे बारीक आवाज पार गायब, अशी त्यांची तक्रार. त्यांनी तारा बदलल्या, पडदे काढायला लावले, शेवटी सतरंजी गुंडाळून काकूंच्या हातात दिली. नाचता येईना अंगण वाकडं, हे काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण हसण्यासारखी गोष्ट नव्हती. त्यांना सगळं ऐकू येत होतं. सिनेमातल्या बाईने चहा ढवळताना चमचा कपाला लागला, तोसुद्धा. बिघाड त्या डब्यात नव्हता, काकांच्या कानांत होता.

काका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. नुसतं दाराशी उभं राहून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे. मेव्हण्याने थट्टेने त्यांना कानसेन म्हणायला सुरुवात केली आणि काकांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. त्या कानांचं काहीतरी बिनसलंय हे काकूंच्या लक्षात येऊन बरेच महिने झाले होते. आधी दाराची घंटा गेली, मग फोनवरचं नातीचं बोलणं. काकूंनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तयारच होता. नात काही म्हणाली की त्या ते कौतुकाच्या सुरात मोठ्याने परत म्हणायच्या, "अगं बाई, शर्यतीत दुसरी आलीस होय?" आणि काकांना वाटायचं, आपणच ऐकलं. संसारात एकमेकांचं इतकं काही सांभाळून घेतलं, त्यात हे एक.

आता मात्र कठीण होतं. काकांच्या हौशी मित्रांचा फोनवर एक गट होता आणि तिथे कानसेनांचा शब्द अखेरचा मानत. नव्या यंत्राबद्दल त्यांचा पहिला अभिप्राय काय येतो, याकडे सगळे डोळे लावून बसले होते. काका चष्मा चढवून लिहायलाही लागले होते: यंत्र अगदीच मंद, दुकानदाराने आपल्याला बनवलं. पण गटातल्या दोघांकडे हेच यंत्र होतं आणि ते त्यावर खूश होते. हे पाठवलं की कोणीतरी हसत हसत लिहिणार, कानसेन, आधी कान तपासा. चारचौघांत असं ऐकावं लागलं तर हा माणूस पुन्हा त्या स्पीकरांसमोर बसणार नाही. आपणच सांगून टाकावं, तर जीभ रेटेना. निदान दुकानदाराला एकदा दाखवा आणि मग काय ते लिहा, एवढंच त्यांनी पदरात पाडून घेतलं.

संध्याकाळी दुकानदार आला. दूध आणायच्या निमित्ताने काकूंनी त्याला जिन्यातच गाठला आणि खरं काय ते सांगितलं. तो आवाज उतरवून म्हणाला, "रिसीव्हरवर ट्रेबल वाढवून देतो, म्हणजे बारीक आवाज काकांना येतील. पण काकू, तुम्हाला ते सोसायचं नाही." माझं मी बघते, काकू म्हणाल्या.

वर येऊन त्याने मागच्या तारा उगाचच सैल करून पुन्हा आवळल्या, गंभीरपणे मान हलवली आणि ट्रेबल शेवटपर्यंत नेला. जोडणीत जरा गडबड होती म्हणाला आणि चहालाही न थांबता निघून गेला. भल्या माणसाला खोटं बोलणं जड जात होतं.

काका खुलले. चमचा ऐकलास का, पावलं ऐकलीस का, असं त्यांचं सुरू झालं. काकूंनी चमचा ऐकला होता. तो थेट दाढेत गेला होता. पण काका आधीचं खोडून नव्याने लिहायला बसले होते आणि काकूंचा जीव भांड्यात पडला होता. सिनेमा संपेपर्यंत दात आवळून बसायचं, एवढंच. त्यांनी उशी मांडीवर घेतली, मग हळूच कानाशी नेली. पडद्यावर कोणाच्या तरी हातून बशी फुटली आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा काका पडद्याकडे बघत नव्हते. त्यांच्या हातात रिमोट होता आणि नजर काकूंवर. त्यांनी ट्रेबल थोडा उतरवला आणि थांबले. आणखी थोडा उतरवला. काकूंचे खांदे सैल झाले, उशी खाली आली, तिथे त्यांनी हात आवरला.

"हे बरोबर आहे?"

काकूंनी मान डोलावली.

"मला मघाचं बरोबर वाटत होतं," काका म्हणाले. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला. "कधीपासून आहे हे?"

"वर्ष होत आलं. तुम्ही खचाल असं वाटलं हो. धीर झाला नाही."

काका चिडले. दूध आणायला गेलीस ती याचसाठी, परक्या माणसाला सांगितलंस आणि मला नाही, असं म्हणाले. चुकलंच माझं, एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. काका उठून खिडकीशी गेले, परत आले, आणि पुन्हा चष्मा चढवला. लिहिलेलं सगळं पुसून त्यांनी दुसरंच काही लिहिलं आणि पाठवल्यावर काकूंसमोर धरलं: यंत्र उत्तम आहे. हे मत माझ्या बायकोचं. माझे कान उद्या तपासून घेतो, मग माझं कळवेन.

सिनेमा चालूच होता. बाई अंधारात एका बंद दाराशी उभी होती.

"आता काय वाजतंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले. "लांब कुत्रं भुंकतंय. तिने किल्ली फिरवली. आत कोणीतरी खुर्ची सरकवली, हळूच."

"आणि आता?"

"आता काही नाही. सगळं शांत."

"हां," काका म्हणाले, "एवढं येतंय मला ऐकू."

काकूंना रडता रडता हसू आलं. त्या उठून त्यांच्या शेजारी, अगदी कानाशी येऊन बसल्या, कारण दार उघडत होतं आणि पुढे बरंच बारीकसारीक वाजणार होतं.